तीन वर्सं निभली की झालं!

"कोनाले सांगू नका बरं वयनी," असं म्हणत शेजारच्या वहिनींनी मागल्या दिवाळीत भाऊजींच्या बायपासची बातमी मला वॉल कंपाउंडवरून दिली, तेव्हा साईनगरच्या आमच्या गल्लीत ती न कळलेला एकही माणूस उरला नव्हता. दूधवाल्याला ठाऊक, प्रेसवाल्याला ठाऊक, समोर भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरींनाही ठाऊक. आता मे महिना लागलाय. भाऊजी सकाळी फिरून येतात, दिवसा दुकानात बसतात, रात्री आयपीएल पाहताना अंपायरचा उद्धार करतात. म्हणजे प्रकृती उत्तम. ती बातमी शिळी झाली. ताजी बातमी अशी, की भाऊजींना विमा काढायचाय आणि कोणी देईना.

रविवारची सकाळ होती, ऊन तापायच्या आतली. भिंतीच्या त्या अंगाला वहिनी आणि त्यांची अकोल्याची नणंद बाजेवर धोतर अंथरून सरगुंडे करत होत्या. डाव्या हातात काडी, उजव्या हातात कणकेची लांबवलेली वळी, आणि काडी फिरली की वळी तिच्यावर सरसर चढायची. अलीकडे मी, नळाची वाट पाहत. तिसऱ्या कोपऱ्यात एलआयसीवाले काका झाडांवर पाइप धरून उभे. काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीच्या लेखी ते अजून टेबलावरच आहेत. कोणाचा बोनस, कोणाचं सरेंडर, कोणाच्या बाँडवर चुकलेलं आडनाव, सगळी प्रकरणं त्यांच्या कुंडीपाशी येतात.

"अवं वयनी, पॉलिसी होती ना ह्यायची," वहिनी सांगत होत्या. "एलआयसीची. दहा लाखाची. २००९ पासून भरून रायले होते. मंग सोयाबीनले भाव नाही, कपाशीले भाव नाही, दुकानाची उधारी गावोगावी अडकून पडली. म्हने, यंदा राहू दे, पुढच्या वर्सी दोन हप्ते सोबत भरतो. पुढच्या वर्सी हप्ता भरनं तं दूर, छातीच फाडा लागली."

भाऊजींचं कृषी केंद्र आहे. वऱ्हाडात हा धंदा म्हणजे जूनमध्ये बियाणं-खत उधार द्यायचं आणि दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या बैठकीत चहा पिऊन परत यायचं. दुकानावर बँकेची सीसी, घरावर कर्ज. मुलगा पुण्यात नुकता कामाला लागला, मुलीचं शिक्षण चालू. वय बावन्न. अशा माणसाला विमा लागत नाही तर कोणाला लागतो? पण एका कंपनीनं कागद मागवून "सहा महिन्यांनी या" म्हटलं, दुसरीनं काहीच म्हटलं नाही. आणि मग भाचा आला.

भाचा गेल्या वर्षापासून एका खाजगी कंपनीचं काम करतो. टॅबलेट घेऊन आला, सोफ्यावर बसला, पोह्यांची प्लेट उजव्या हातात आणि डाव्या हातानं भराभर टिचक्या. हृदयविकार? नाही. मधुमेह? नाही. मागच्या पाच वर्षांत ऑपरेशन? नाही. तंबाखू? नाही. एवढं झाल्यावर म्हणाला, मामा, फोनवर ओटीपी आला असंन, तेवढा सांगा.

"म्या म्हनलं, अरे बापू, मामाच्या छातीवर एवढी मोठी शिवन हाय अन् तू नाही कावून लिहून रायला?" वहिनी म्हणाल्या. "तं कसा म्हनते, मामी, तुमाले नियम माहीत नाही. तीन वर्सं निभली की झालं! मंग कंपनीचा बाप आला तरी विचारू शकत नाही."

"व्हय का, काका?" नणंदेनं काडी हातात तशीच धरून विचारलं.

काकांनी पाइप जास्वंदीच्या बुडाशी टाकून दिला. मी ओळखलं, आता नळ आला तरी मला जाता येणार नाही.

"पोट्टा खोटं नाही बोलला," काका म्हणाले. "अर्धं बोलला. विमा कायदा १९३८ चा, त्यातलं पंचेचाळीस कलम. पूर्वी दोन वर्षांची मुदत होती, अन् मुद्दाम फसवलं असं कंपनीनं सिद्ध केलं तर दोन वर्षांनंतरही पॉलिसी उडवता यायची. २०१५ मध्ये बदललं. आता पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणानं, फसवणूक म्हणूनसुद्धा, कंपनीला तोंड उघडता येत नाही. पण बाई, तीन वर्षं काढायची कोणी? तुमच्या ह्यांनीच ना? तीन वर्षांच्या आत काही होईल या धास्तीनंच माणूस विमा काढायला निघतो. अन् त्या तीन वर्षांत दावा आला की कंपनी पहिलं काम करते चौकशी. तिथं कारकून नाही बसवत. माणूस पाठवते."

"कुठी पाठवते?"

"दवाखान्यात. मेडिकलवाल्याकडे. बायपासच्या आधी अँजिओग्राफी झाली असेल, तिची सीडी असते, डिस्चार्ज कार्ड असतं, योजनेतून झालं असेल तर आधार नंबरासकट सगळं कॉम्प्युटरात. अन् मग तो माणूस गल्लीत येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, काहो, ह्यांची तब्येत आधी कशी होती?"

क्षणभर कोणीच बोललं नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी पोरगी हळूच आत गेली. दिवाळीपासून आजवर ‘कोनाले सांगू नका’ या अटीवर जेवढ्यांना सांगून झालं होतं, ते सगळे कंपनीचे साक्षीदार.

"मायबाई," नणंद म्हणाली, "मंग तं अकोल्यालेही पाठवा लागीन त्या मानसाले. म्या आमच्या जठारपेठीत सगळ्यायले सांगतलं."

पडवीत पेपरमागं बसलेल्या भाऊजींचा पेपर हलला. आतून काही आलं नाही.

काका आता रंगात आले होते. पण ह्या भागात त्यांचा आवाज उतरला, आणि खरं सांगते, मलाही तोच भाग सर्वांत जास्त लागला. आजार लपवणं ही नुसती चूक होती असं कंपनीनं धरलं, तर निदान भरलेले हप्ते परत येतात, नव्वद दिवसांत. पण लबाडी होती असं धरलं, तर तेही नाही. आणि लबाडी नव्हती हे दाखवायचं कोणी? सही करणारा तर गेलेला. कायदा म्हणतो, तो हयात नसेल तर ते ज्यांना पैसे मिळायचे त्यांनी दाखवावं. म्हणजे वहिनींनी. सोफ्यावर पोहे खात भाच्यानं मारलेल्या चार टिचक्यांचा जाब, तेराव्याच्या आधी-नंतर, कंपनीच्या वकिलासमोर वहिनींनी द्यायचा.

"कोर्टात काही होत नाही का?" मी विचारलं.

"होतं. दोन्हीकडून होतं." काकांनी बोटं मोडली. "२००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं मेडिक्लेमचं प्रकरण आलं होतं. माणसाला जुना मधुमेह, किडन्या गेलेल्या, अर्जात लिहिलं तब्येत ठणठणीत. कोर्ट म्हणालं, कंपनीचा निर्णय ज्यावर अवलंबून आहे ते सांगणं भागच आहे. दावा गेला. पुढं पंजाबातलं एक. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पॉलिसी, सप्टेंबरमध्ये माणूस संपला. आधी रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात राहून आला होता, ते लिहिलं नव्हतं. खालच्या आयोगांनी आईला पैसे द्या म्हटलं, कंपनीनं देऊनही टाकले. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आयोग चुकले. फक्त म्हातारीचं सत्तर वर्षांचं वय पाहून दिलेले पैसे परत घेऊ नका म्हटलं."

"अन् दुसरीकडून?"

"२०१५ चं. महाराष्ट्रातलीच बाई, समोर एलआयसी. नवऱ्याला कमरेच्या मणक्याचं, सायटिकाचं दुखणं होतं, ते अर्जात नव्हतं. मेला हार्टनं. कोर्ट म्हणालं, कंबर दुखणं न सांगितल्यानं हार्टच्या मरणाचा दावा अडवता येत नाही, पैसे द्या. आता तुम्हीच पाहा, भाऊजींचं दुखणं कमरेचं आहे का?"

"छातीचं हाय," वहिनी म्हणाल्या.

"हां."

मी मनात म्हटलं, त्या भाच्यालाही फार बोलण्यात अर्थ नाही. त्याला पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर मोठं कमिशन, पुढं थोडं थोडं. तीन वर्षांनी तो ह्या धंद्यात असेल की मोबाइलच्या दुकानात, हे त्यालाही माहीत नाही. राग यायचाच तर त्या टॅबलेटचा यावा. जुना छापील अर्ज निदान हातात धरून चष्मा लावून वाचता तरी यायचा. आता सगळी जिनगानी सहा आकड्यांच्या ओटीपीत मावते आणि तो आपण पोळ्या लाटता लाटता सांगून मोकळे होतो.

"मंग आता करा काय?" वहिनींचा खरा प्रश्न अजून बाजेवरच पडून होता.

"खरं लिहा. स्वतःच्या हातानं, नाहीतर मुलाला समोर बसवून, एकेक ओळ वाचून. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफी, नवा टूडी इको, शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट जोडा. कंपनीला चार उत्तरं देता येतात. हो. हो, पण जादा हप्ता. आत्ता नाही, नंतर. अन् नाही. ऑपरेशननंतर सहा महिने-वर्षभर बहुतेक जण ‘नंतर’च म्हणतात. इकोमध्ये हृदय किती जोरात ढकलतं त्याचा आकडा येतो, टीएमटीवर माणूस किती पळतो ते दिसतं. ते बरं निघालं की जादा हप्त्यावर देणारे भेटतात. पन्नास लाखाचा हट्ट सोडला तर लवकर भेटतात."

"जादा म्हंजे किती जादा?"

"ते फाइल पाहणारा ठरवेल. समजा धडधाकट माणसाला वीस हजार पडतात, तुम्हाला तीस पडले, चाळीस पडले, तर तो दंड नाही. त्यांच्याकडे तक्ते असतात. शंभर धडधाकट अन् शंभर बायपासवाले घेतले तर कोणत्या शंभरातले किती लवकर जातील, त्या हिशेबानं भर टाकतात. हिशेब आहे तो, शिवी नाही."

इथे पेपर खाली आला. "म्हंजे मी सेकंड क्वालिटीचं बेनं झालो म्हना ना काका," भाऊजी पडवीतूनच म्हणाले.

कृषी केंद्रवाल्याला दुसरी भाषा सुचणार कशी! पण काका हसले नाहीत.

"भाऊ, एक काळ असा होता की आपण सगळेच सेकंड क्वालिटीचे होतो. इंग्रज कंपन्या इंग्रजांचा विमा साध्या हप्त्यावर काढायच्या अन् देशी माणसाला जादा आकारायच्या. तो धट्टाकट्टा असला तरी. का, तर तो इथला! १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली, तिनं देशी माणसाला सरसकट हप्ता लावायला सुरुवात केली. मग कंपन्यांचं पीक आलं, काही बुडाल्या, काहींनी लोकांना बुडवलं. १९५६ च्या १९ जानेवारीला रात्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून सांगितलं, आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते ते. दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या कंपन्या अन् संस्था एका फटक्यात. १ सप्टेंबरला एलआयसी." काका त्या तारखा घरच्या लग्नाच्या तारखांसारख्या सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात आपले गाडगेबाबा गेले, हेही ते जोडतात. त्याचा विम्याशी काय संबंध हे मी अजून विचारलेलं नाही.

भाऊजी आता पडवीच्या पायरीवर येऊन बसले होते. हात सवयीनं खिशाकडं गेला, आणि वहिनींची नजर हातामागं गेली.

"काढा ना," वहिनी म्हणाल्या. "काढा, काकाले दाखवा. बायपास झाला तरी पन्नी सुटली नाही."

खिशात खर्रा होता. पातळ प्लॅस्टिकच्या चौकोनात सुपारी, तंबाखू, चुना. तळहातावर ठेवून अंगठ्यानं रगडायचा, पन्नी कुरकुरते त्या आवाजावरून घरच्यांना कळतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा बंद झाला, पण पानठेल्यावर हातानं घोटलेला माल कोणाच्या बापानं बंद होत नाही.

"सिगारेट तं नाही ना वढत," भाऊजी म्हणाले. "त्या पोट्ट्यानं तंबाखू नाही लिहिलं ते बरोबरच हाय. मी पित नाही, खातो."

"लघवीच्या तपासणीत निकोटिन उतरतं, भाऊ. तिला धूर आणि खर्रा यातला फरक कळत नाही. अन् तपासणी करणाऱ्या डॉक्टरनं तोंड उघडा म्हटलं की दात बोलतात."

भाऊजींनी तोंड मिटलं.

मग काकांनी जी गोष्ट विचारली ती पहिल्यांदाच विचारायला हवी होती. ती जुनी दहा लाखाची पॉलिसी, तिचं काय केलं? बुडली, भाऊजी म्हणाले. किती वर्षं भरली? पंधरा. किती वर्षांची होती? पंचवीस. काकांनी कपाळावर हात मारला.

"बुडाली कुठून? पंधरा वर्षं भरलेली एंडोमेंट बुडत नाही, ती आटते. पंचवीस हप्त्यांपैकी पंधरा भरले, म्हणजे दहा लाखाचे सहा लाख, अन् तोवर लागलेला बोनस. उद्या तुम्हाला काही झालं तर एवढे आहेतच. कोणाची तपासणी नको, कोणाचा टॅबलेट नको. तुम्ही दोन वर्षं बाँड उघडून पाहिला नाही?"

"त्या कपाटात हाय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी जरा रंग पाहिला. "सहा लाख हायेत म्हनते, ऐकलं का व बाई?"

"अन् पूर्ण दहा करायचे असतील तर पाच वर्षांच्या आत चालू करता येते. पस्तिसाव्या वर्षीचा जुनाच हप्ता लागेल, नव्या पॉलिसीचा बावन्न वयाचा नाही. थकलेले हप्ते, व्याज. एलआयसी मधूनमधून मोहीम काढते, त्यात विलंब शुल्काला सूट देते. पण मोहिमेच्या जाहिरातीतच बारीक अक्षरात असतं, तब्येतीच्या कागदांना सूट नाही. तिथं प्रकृतीचं घोषणापत्र लागतं, बायपास लिहावाच लागतो. ते हो म्हणतील, जादा मागतील किंवा नाही म्हणतील. नाही म्हटलं तरी सहा लाख कुठं जात नाहीत. अन् एक लक्षात ठेवा, पॉलिसी पुन्हा चालू केली की ती तीन वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजतात. भाच्याला हे ठाऊक नसेल."

"किती दिवस लागते काका ह्या निकालाले?" भाऊजींनी विचारलं. "आपला अमरावती-अकोला रोड, लोणीपासून मान्यापर्यंत पंचाहत्तर किलोमीटर, १०५ तास ३३ मिन्टात टाकला लोकायनं. गिनीज बुकात गेला २०२२ मध्ये. अन् मायी फाइल त्या कंपनीत सहा महिने पडून हाय."

"डांबराला शुगर नसते, भाऊ," काका म्हणाले.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या थोडक्यात सांगते. दुकानाचं कर्ज आहे, सावकार-बँक उद्या दारात येईल, तर नवी पॉलिसी घेताना अर्जातच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली लिहून घ्यायची. मग तो पैसा बायको-लेकरांचा, देणेकऱ्याला हात लावता येत नाही. नंतर सुचलं तर उपयोग नाही. आणि दावा नाकारलाच, तर पुण्याला विमा लोकपाल आहे, विदर्भ त्याच्याकडे येतो. वर्षाच्या आत अर्ज, पन्नास लाखापर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. भाऊजींनी जीएसटीचं रडगाणं काढलं, तर काकांनी सांगितलं की वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला.

इतका वेळ नणंद गप्प होती. सरगुंड्यांची ओळ धोतराच्या काठापर्यंत गेली होती.

"काका, मायं कसं होईन?" ती म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो, कारण खरंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. २०१८ मध्ये तिला छातीत गाठ निघाली. अमरावती एक्स्प्रेसनं दादरला उतरायचं, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचं, तिथून परळला टाटाला. वऱ्हाडातल्या कॅन्सरच्या पेशंटची ही ठरलेली वाट. केमो, ऑपरेशन, रेडिएशन. २०१९ ला सगळं संपलं. सात वर्षं होत आली, दरसाल तपासणीला जाते, काही नाही. केस आले, लांब झाले, त्यांना मेंदी लागली, आणि तिच्या भावाच्या बायपासवर गेला तासभर आम्ही चौघं बोलत होतो.

"तुले विमा कायले पायजे व बाई?" भाऊजी म्हणाले. "तुले योजना हाय ना."

"ते योजना दवाखान्याची हाय, भाऊ. मी वाचली तं दवाखान्याचं बिल भरते. मी गेली तं पोरीले काय भेटते?"

बरोबर बोलली. जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती, अकोल्याला पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मिळाली. ती आता महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. पण आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांची आपल्याकडे अशी काही खिचडी झालीय की कार्ड आहे म्हणजे सगळं आहे असं शिकलेली माणसंही धरून चालतात.

काकांनी तिला फसवलं नाही. कॅन्सरनंतर कंपन्या सावध असतात, म्हणाले. कोणती गाठ, कोणती पायरी, उपचार संपून किती वर्षं झाली, सगळं पाहतात; देतात तेव्हा हजारी काही रुपये जादा लावून, बहुतेकदा ठराविक वर्षांपुरते. तिकडे फ्रान्सात २०२२ पासून कायदाच आहे, कर्जाचा विमा घेताना, उपचार संपून पाच वर्षं झाली अन् आजार उलटला नाही, तर कॅन्सर झाला होता हे सांगायची गरजच नाही. आपल्याकडे तसं काही नाही. विचारलं की सांगावं लागतं.

"अन् तुमची दुसरी अडचण कॅन्सरहून मोठी आहे, बाई. तुमची कमाई."

ती शिवणकाम करते. लग्नसराईत नवऱ्याहून जास्त कमावते, पण तिच्या कमाईचा कागद म्हणजे ब्लाउजच्या मापांची वही. आणि विमावाल्यांच्या लेखी ज्या बाईची स्वतःची कमाई कागदावर नाही, तिच्या विम्याची रक्कम नवऱ्याच्या विम्यावरून ठरते. नवरा अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलवर. त्याचा विमा शून्य. म्हणजे हिचाही तेवढाच.

"म्हंजे त्यायचा नाही म्हनून माया नाही? अन् कॅन्सर मले झाला तवा त्यायले विचारून झाला होता का?"

मी हसले, पण ती हसत नव्हती.

"वय किती?" काकांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस पुरे होतीन दिवाईले."

"मग एक दार उघडं आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती. बँकेत खातं आहे ना? वर्षाला ४३६ रुपये, दोन लाख. डॉक्टरची तपासणी नाही. पन्नाशीच्या आत शिरावं लागतं, मग दरवर्षी न चुकता भरलं तर पंचावन्नपर्यंत राहता येतं. अपघात सोडला तर पहिले तीस दिवस दावा मिळत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. वर्ष १ जून ते ३१ मे. मे संपता संपता खात्यात पैसे ठेवा, ते आपोआप कापतात. खात्यात शिल्लक नसली म्हणून ज्यांचा विमा गेला अशी उदाहरणं मला विचारू नका."

"अन् मले?" भाऊजींनी विचारलं.

"तुमची दोन वर्षं हुकली."

भाऊजींच्या चेहऱ्यावर सीसीची लिमिट नाकारल्यासारखे भाव आले. नणंदेनं मात्र कणकेचे हात पदराला पुसून फोन घेतला. अकोल्याला पोरीला लावला, बँकेचं पासबुक कोणत्या डब्यात आहे ते सांगितलं, आणि फोन कानाला धरूनच काकांना विचारलं, "नॉमिनी कोनाले टाकू?"

"जवाईबापूचं नाव टाक ना," भाऊजी म्हणाले.

"त्यायचं टाकलं तं दोन लाख दालमिलची उचल फेडन्यात जातीन. पोरीचं टाकतो."

"बरोबर," काका म्हणाले. "आई-बाप, नवरा-बायको, लेकरं, यांच्यातला नॉमिनी असला तर २०१५ पासून आयुर्विम्याचा पैसा त्याचाच होतो. भावाबिवाचं नाव टाकलं तर तो नुसता घेणारा, पुढं वारसांना वाटणारा. बरं, भाऊ, तुमच्या त्या सहा लाखाच्या बाँडवर कोणाचं नाव आहे?"

भाऊजी उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कागदांचा. वहिनींनी काडीवरचा सरगुंडा ओढून काढला, धोतरावर ठेवला, दुसरी वळी घेतली. भाऊजी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले आणि पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "मायचं हाय."

वहिनींच्या सासूबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या.

"पाहा बाप्पा," वहिनी म्हणाल्या, "सहा लाख कोनाले भेटतीन तं सासूबाईले! त्यायले तिकडे मनीऑर्डर कराची होती का? अन् आता उभे काय रायले, तो फॉर्म कोनता लागते ते काकाले विचारा, अन् उद्या दुकान उघडाच्या आंधी मले घेऊन चाला."